दोन दोऱ्यांचा पतंग आणि हंगामाचा गुणतक्ता

येवल्यात पतंगाच्या निकालाला पंच लागत नाही. संक्रांतीचे तीन दिवस आसारी, म्हणजे मांजा गुंडाळलेली फिरकी, घेऊन गच्चीवर उभं राहायचं, पेच लागला की ढील द्यायची नाहीतर खेचायचं. समोरच्याचा पतंग डुलत डुलत शेजारच्या वाड्यावर उतरला की सगळी आळी ओरडते, ‘वकाट!’ कोण जिंकलं ते आकाशातच दिसतं. मी असल्या निकालांवर वाढलो. नोकरीसाठी सिएटलला आलो आणि इथल्या स्पोर्ट काइटच्या स्पर्धांत उतरलो, तेव्हा गुणांचा हिशेब डोक्यात शिरायला मला दोन हंगाम लागले. या खेळात नव्याने येणाऱ्यांचे तेवढे हंगाम वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे.

आधी खेळाबद्दल थोडं. हा पतंग दोन दोऱ्यांवर उडतो. कार्बनच्या काड्या, रिपस्टॉप नायलॉनचं कापड, दोन्ही हातांत पट्टे. चार दोऱ्यांचेही असतात. ते हवेत जागच्या जागी थांबतात, उलटेही चालतात. मांजा नाही, काच नाही, काटाकाटी नाही. दोऱ्या स्पेक्ट्राच्या, इतक्या गुळगुळीत की तीन-चार पीळ पडले तरी एकमेकींवरून सरकतात आणि पतंग हुकमात राहतो. अमेरिकन काइटफ्लायर्स असोसिएशन १९६४ साली सुरू झाली, आणि तिच्या स्पर्धांत नॉव्हिस, एक्स्पीरियन्स्ड, मास्टर्स असे गट ठरलेले आहेत. प्रकार मुख्यतः दोन. प्रिसिजनमध्ये नेमून दिलेल्या आकृत्या आकाशात काढायच्या, बॅलेमध्ये संगीतावर स्वतः बसवलेलं उड्डाण दाखवायचं. फिगर स्केटिंग पाहिलं असेल तर हा साचा ओळखीचा वाटेल. तिकडे नेमलेल्या आकृत्या १९९० नंतर बंद झाल्या, आमच्याकडे त्या अजून आहेत, आणि मला त्याचा आनंद आहे.

माझी पहिली स्पर्धा वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर झाली. लाँग बीचच्या वाळूवर, जिथे जागतिक पतंग संग्रहालय आहे आणि ऑगस्टमध्ये मोठा पतंगोत्सव भरतो, त्याच भागात सराव करून मी गेलो होतो. पंच मागे खुर्च्या टाकून बसले होते. मी पतंग उचलला, आकृती सुरू होतेय हे पंचांना कळावं म्हणून ‘इन’ म्हणालो आणि चौकोन काढायला घेतला. वरची बाजू सरळ गेली. उजव्या कोपऱ्यावर नाक खाली वळवायचं होतं. मी उजवा हात खेचला, पतंग गोल फिरला, नाक काटकोनाच्या पलीकडे गेलं, ते परत आणेपर्यंत कोपऱ्याची भाकरी झाली होती. आकृती संपल्याचं ‘आउट’ म्हणताना मला माझे गुण कळले होते.

संध्याकाळी एका पंच बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, “तुम्ही वळताना नेहमी ओढता. उजवीकडे जायचंय ना, मग डावा हात झटकन पुढे ढकला आणि लगेच मागे घ्या.” दुसऱ्या दिवशी करून पाहिलं आणि कोपरा काडीसारखा मोडला. डावा हात पुढे म्हणजे डाव्या दोरीला क्षणभर ढील. येवल्यात जी ढील पेचासाठी शिकलो, तीच इथे चौकोनाचा कोपरा धारदार करत होती! नवीन माणसाला माझा पहिला सल्ला हाच: स्पर्धा संपल्यावर पंचांना भेटा. आकडा फक्त कागदावर असतो, त्यामागचं कारण त्यांच्याकडे असतं.

आता मुद्द्याचं. पंच शंभरपैकी गुण देतात, त्यांची सरासरी निघते, त्या दिवसाचा क्रम लागतो. इथपर्यंत मला फारशी तक्रार नाही. पण ६८ गुण म्हणजे काय, हे त्या मैदानाबाहेर सांगता येत नाही. आमच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात सकाळी वारा पडलेला असतो आणि दुपारी समुद्रावरून भरून येतो. चिठ्ठीत ज्याचा नंबर पहिला निघाला तो हलक्या वाऱ्यात मागे मागे चालत पतंग तरंगता ठेवतो, आणि अकरावा येणारा भरल्या वाऱ्यात उभ्या उभ्या आकृत्या काढतो. पंच वेगळे, दिवस वेगळा, म्हणून दोन स्पर्धांचे मूळ गुण बेरजेला लावता येत नाहीत. त्यामुळे हंगामाची क्रमवारी लावणारे बहुतेक जण मूळ गुण बाजूला ठेवून क्रमांकाला गुण देतात. खरी अडचण तिथून सुरू होते.

ज्या छोट्या प्रादेशिक मालिकेत मी उडवत होतो तिथे पहिल्याला ५, दुसऱ्याला ४ असं करत पाचव्याला १ गुण मिळायचा आणि हंगामभराच्या सगळ्या स्पर्धांची बेरीज व्हायची. दुसऱ्या हंगामात मी सातही स्पर्धांना गेलो. माझे क्रमांक होते ३, २, ३, २, ३, ४, ३. बेरीज २२. आमच्यातली एक परिचारिका चारच स्पर्धांना येऊ शकली. शनिवार-रविवारची पाळी बदलून मिळणं तिला अवघड होतं. ती तीनदा पहिली आणि एकदा दुसरी आली. बेरीज १९. त्या चारही स्पर्धांत मी तिच्या मागे होतो. हंगामाच्या तक्त्यात मात्र मी तिच्या पुढे.

बक्षीस घेताना मला फार वाईट वाटलं. तिने हात मिळवून मनापासून अभिनंदन केलं, त्याने जास्तच. मी तिच्यापेक्षा चांगला उडवत नव्हतो. माझ्याकडे मोकळे शनिवार आणि पेट्रोलचे पैसे होते, आणि तक्त्याने तेच मोजलं होतं.

त्या हिवाळ्यात मी इतर खेळांचे नियम वाचत बसलो. बॅडमिंटनची जागतिक क्रमवारी ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम १० स्पर्धांवर लागते. फॉर्म्युला वनमध्ये १९८८ साली ड्रायव्हर अ‍ॅलन प्रोस्टचे एकूण गुण १०५ होते आणि आयर्टन सेनाचे ९४, पण १६ पैकी सर्वोत्तम ११ शर्यतीच धरायच्या असल्यामुळे हिशेब ८७ विरुद्ध ९० झाला आणि जगज्जेता सेना ठरला. त्यावर आजही लोक भांडतात. सेनाने ८ शर्यती जिंकल्या होत्या, प्रोस्टने ७. माझं मत सेनाच्या बाजूने आहे, पण प्रोस्टचं सातत्य काहीच नव्हतं असं मी म्हणणार नाही.

आमच्या तक्त्याला सर्वोत्तम चारचा नियम लावला तर तिचे १९ राहतात, माझे १४ होतात. न्याय झाला असं वाटतं. पूर्ण झालेला नाही. मला सात संधींतून चांगल्या चार निवडता येतात, तिला चारातून चारच. एखाद्या दिवशी वारा पडला, तर माझा तो दिवस गळून जातो, तिचा मोजला जातो. आणि स्पर्धा कमी धरल्या की चिठ्ठीचं आणि वाऱ्याचं नशीब वरचढ होतं. जास्त धरल्या की खिसा. या ओढाताणीतून पूर्ण सुटका करणारी पद्धत मला सापडलेली नाही.

मैदानातल्या संख्येचा प्रश्न तर आणखी मोठा. तिघांच्या स्पर्धेत शेवटचा आलेला ३ गुण घेऊन घरी जातो. नऊ जणांत चौथा आलेला, म्हणजे पाच जणांना मागे टाकणारा, २ गुण घेतो. हे कुणालाही पटण्यासारखं नाही. त्याऐवजी जितक्यांना मागे टाकलं तितके गुण आणि भाग घेतल्याचा एक, असं केलं तर तिघांतल्या शेवटच्याला १ आणि नवातल्या चौथ्याला ६ मिळतात. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. तरी ती गर्दी मोजते, गर्दीतली गुणवत्ता नाही. बुद्धिबळाच्या रेटिंगसारखं समोर कोण होतं हे ती पाहत नाही. पण तसं रेटिंग स्थिर व्हायला भरपूर डाव लागतात, आणि आमच्याकडे माणसंच थोडी.

तुम्ही नवीन असाल तर हंगाम सुरू होण्याआधी तक्त्याचा नियम वाचा: किती स्पर्धा धरतात, गट कधी बदलावा लागतो, बरोबरी झाली तर काय. मग खिशाला आणि घराला झेपतील तेवढ्याच स्पर्धा निवडा. स्वतःची वेगळी वही ठेवा. मी तीत तारीख, वारा, कितवा उडवलं, आकृतीवार गुण आणि पंचांचा शेरा लिहितो. दोन वर्षांनी ती वही चाळताना चौकोनाचे गुण चढत गेलेले दिसले, आणि मी सुधारलो हे मला तक्त्यापेक्षा तिथून कळलं. तक्त्यात वर राहायचं म्हणून खालच्या गटात रेंगाळू नका. नॉव्हिसमध्ये जिंकत राहणाऱ्या माणसामुळे खऱ्या नवशिक्यांचं मन मोडतं, हे मी पाहिलं आहे. आणि एका स्पर्धेत तरी पंचांशेजारी बसून गुण लिहून घ्यायचं काम मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही.

गेल्या हिवाळ्याच्या बैठकीत मी दोन बदल मांडले. सर्वोत्तम चारचा नियम मंजूर झाला. त्या परिचारिकेने तिथेच फोन काढून आपल्या पाळ्यांत चार शनिवार शोधायला घेतले. मागे टाकलेल्यांच्या संख्येवर गुण देण्याचा मुद्दा मात्र ‘हिशेब किचकट होतो’ म्हणून पुढच्या वर्षावर ढकलला. तो किचकट नाही हे दाखवायला मी मागच्या तीन हंगामांचे निकाल नव्या पद्धतीने पुन्हा मांडतो आहे. दोन हंगाम झालेत, तिसऱ्यातल्या तीन स्पर्धा उरल्या आहेत.