हॅलबर्डला भाला म्हणू नका: जुनी युरोपीय दंडशस्त्रं पाहताना या चुका टाळा

लांब दांडा आणि टोकाला लोखंड दिसलं की आपण ‘भाला’ म्हणून मोकळे होतो. पहिली चूक इथेच होते. पाइक हा खरा भाला. पाच मीटरच्या आसपास लांब, फक्त भोसकण्यासाठी, आणि दाट रांगांत उभं राहून घोडदळ थोपवण्यासाठी. एकट्या माणसाच्या हातात तो जवळजवळ निरुपयोगी.

हॅलबर्ड साधारण दोन मीटरचा. त्याला वर टोक, पुढे कुऱ्हाडीचं पातं आणि मागे आकडा असतो. भोसकायचं, तोडायचं, स्वाराला घोड्यावरून खाली ओढायचं, ही तिन्ही कामं त्याची. १३१५ मध्ये मॉर्गार्टनच्या अरुंद वाटेवर स्विस शेतकऱ्यांनी ऑस्ट्रियाच्या सरदारांविरुद्ध तो वापरला. १४२२ मध्ये आर्बेदोच्या लढाईत मात्र मिलानच्या सैन्याच्या लांब भाल्यांपुढे स्विस हॅलबर्डवाले कमी पडले. त्यानंतर स्विसांनी पाइकवाल्यांची संख्या वाढवली. दोन शस्त्रांतला फरक या लढाईइतका स्वच्छ कुठे दिसत नाही.

दुसरी चूक म्हणजे सगळं लक्ष पात्यावर देणं. आधी दांडा बघा. तोडायच्या शस्त्राचा दांडा बहुधा चौकोनी किंवा अष्टकोनी असतो, कारण धार कुठल्या बाजूला आहे हे हाताला न बघता कळावं लागतं. पाइकला अशी बाजू नसते, म्हणून तो गोल चालतो. पात्याखालून दांड्यावर उतरणाऱ्या लोखंडी पट्ट्या शोभेच्या नाहीत. शत्रूने घाव घालून दांडा छाटू नये म्हणून त्या ठोकलेल्या असतात. मात्र लाकूड किडतं, मोडतं. त्यामुळे पातं जुनं आणि दांडा नंतरचा, असं खूपदा आढळतं. तेवढ्यावरून वस्तू खोटी ठरवू नका.

जाळीदार कोरीवकामाचं, नक्षीने भरलेलं पातं दिसलं तर ते बहुधा रक्षकांनी मिरवायचं. एकोणिसाव्या शतकात सजावटीसाठी नकलाही भरपूर झाल्या.

सगळ्यात वाईट चूक गंज घासून चकचकीत करण्याची. पॉलिश पेपर एकदा फिरला की कारागिराचा ठसा, आम्लाने उठवलेली नक्षी, हातोड्याच्या खुणा, सगळं कायमचं जातं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे नुकसान प्रेमापोटी होतं. सैल गंज मऊ ब्रशने झटका, उघड्या हाताने लोखंड धरू नका, ओलाव्यापासून लांब ठेवा. त्यापुढचं काम जतनतज्ज्ञाकडे सोपवा.