चंद्रावर चालणारा रोव्हर घडवताना या चुका टाळा

इंजिनीअरिंगचे जे विद्यार्थी चंद्रावरच्या रोव्हरचे प्रारूप बनवतात, त्यांचे काम तपासताना त्याच त्या चुका मला जवळजवळ दरवर्षी दिसतात. वेल्डिंग नीट असते, प्रोग्राम चालतो, चाके फिरतात. चूक झालेली असते ती त्याच्याही आधी, कागदावर. आजूबाजूला हवा आहे, यंत्राला वजन आहे, ऊन डोक्यावरून पडते, ही पृथ्वीवरची गृहीतके कोणाच्याही नकळत आराखड्यात शिरतात आणि शेवटपर्यंत तिथेच राहतात.

नदीच्या वाळूवर घेतलेल्या चाचणीवर समाधान मानणे, ही त्यांतली सर्रास आढळणारी चूक. नदीतली वाळू पाण्याने घासून गोलसर झालेली असते. चंद्रावर पाणी नाही आणि वाराही नाही; तिथली माती अब्जावधी वर्षे उल्कांच्या माऱ्याखाली फुटत आणि वितळत आली आहे, त्यामुळे तिचे कण काचेच्या चुऱ्यासारखे कंगोरेदार असतात, त्यांतले पुष्कळसे पिठाइतके बारीक असतात आणि विद्युतभारामुळे जिथे तिथे चिकटतात. आपल्याकडे यावर एक स्वस्त तोड आहे. चंद्रावर आपल्याला जे काळसर डाग दिसतात, ती बेसाल्टची मैदाने आहेत आणि सह्याद्रीचा काळा पाषाण हाही बेसाल्टच. म्हणून खडी क्रशरवर निघणारी डस्ट चाळून वापरली, तर नदीच्या वाळूपेक्षा कितीतरी खरी परीक्षा होते. एका गटाने दोन तास अशा डस्टमध्ये रोव्हर चालवला आणि मग माझ्यासमोर चाकाचा हब, म्हणजे मोटर-गिअर असलेला मधला भाग, उघडला. आतल्या ग्रीसचा करडा लगदा झाला होता, तो बोटांत घेऊन चोळला की खरखरीत लागत होता आणि गिअरच्या दातांच्या कडा चकाकू लागल्या होत्या. वाळूत हाच हब आठवडाभर बिनतक्रार फिरला होता. दक्षिण ध्रुवाजवळच्या उंच प्रदेशाची माती मात्र बेसाल्टची नसून मुख्यतः ॲनॉर्थोसाइट या फिकट रंगाच्या खडकाची आहे. तशी चाचणीची माती तयार करण्यासाठी इस्रोने तमिळनाडूतील नामक्कल जिल्ह्यातल्या सित्तमपुंडी परिसरातील खडक आणून त्याची भुकटी केली होती.

ग्रीसबद्दल इथेच सांगतो. निर्वातात साधे ग्रीस हळूहळू उडून जाते आणि उघडे पडलेले धातू एकमेकांना चिकटू शकतात, म्हणून मोलिब्डेनम डायसल्फाइडसारखे कोरडे वंगण वापरावे किंवा गिअर पूर्ण सीलबंद करावा. अपोलो 15, 16 आणि 17 या मोहिमांतील गाड्यांची मोटर आणि तिचा वेग घटवणारा हार्मोनिक गिअर प्रत्येक चाकात असेच हवाबंद बसवलेले होते.

दुसरी चूक वजनाची आहे आणि ती अभ्यासू विद्यार्थीही करतात. चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश, म्हणून कप्पी आणि प्रतिभार लावून रोव्हरचे पाच षष्ठांश वजन उचलून धरायचे आणि चाकांची पकड मोजायची, ही पद्धत दिसायला बिनचूक वाटते. परंतु तिच्यात हलका होतो तो फक्त रोव्हर. खालची माती पृथ्वीच्याच वजनाने दबलेली राहते आणि त्यामुळे प्रत्यक्षापेक्षा घट्ट असते. परिणामी चाक कमी रुतते आणि चढ सोपा भासतो. या चाचणीतले आकडे जसेच्या तसे आराखड्यात घालू नयेत, त्यांत भरपूर सूट धरावी. शिवाय वजन घटले तरी वस्तुमान तेवढेच राहते, हेही विसरू नये. ‘चंद्रयान 3’च्या 26 किलोच्या ‘प्रज्ञान’ या रोव्हरचे चंद्रावरचे वजन पृथ्वीवरच्या सव्वाचार किलोच्या वस्तूइतके होते, पण दगडावर आदळण्याची वेळ आली असती, तर धक्का 26 किलोचाच बसला असता.

आता उष्णतेविषयी, कारण रोव्हर निकामी होतो तो बहुतेक वेळा इथे. चंद्रावर पंखा निरुपयोगी आहे आणि हवेला उष्णता देण्याच्या भरवशावर बसवलेला हीटसिंक, म्हणजे धातूच्या पातळ पात्यांचा भाग, हाही जवळजवळ तसाच. उष्णता बाहेर जाते ती केवळ प्रारणाने, म्हणजे रेडिएटरच्या उघड्या पृष्ठभागावरून. त्या पृष्ठभागावर धूळ बसली की काय होते, ते ‘लुनोखोद 2’ने दाखवून दिले. सोव्हिएत संघाचा हा 840 किलोचा रोव्हर जानेवारी 1973 मध्ये उतरला आणि त्याने सुमारे 39 किलोमीटर अंतर कापले. त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सौर घट होते आणि झाकणाखाली रेडिएटर. मे महिन्यात एका विवरात शिरताना उघडे झाकण विवराच्या कडेला घासले आणि त्यावर माती पडली. नंतर रात्रीसाठी झाकण मिटल्यावर ती माती रेडिएटरवर सांडली आणि पुन्हा दिवस उगवताच रोव्हर तापत जाऊन बंद पडला. मला ही घटना फार महत्त्वाची वाटते, कारण यातला एकही भाग मोडला नव्हता. म्हणून उघडझाप होणारा प्रत्येक भाग आराखड्यात पाहताना त्यावर मूठभर माती आहे असे समजावे आणि तो मिटल्यावर ती कुठे जाईल, हे बोटाने दाखवता आले पाहिजे.

सौर पॅनेल सपाट बसवणे ही सवय आपल्या गच्चीवरून आलेली आहे. ‘चंद्रयान 3’ 23 ऑगस्ट 2023 रोजी सुमारे 69 अंश दक्षिण अक्षांशावर उतरले. तिथे सूर्य क्षितिजाच्या वर साधारण 21 अंशांपलीकडे चढत नाही, म्हणजे सपाट पॅनेलला भर दुपारीही जेमतेम तिसरा हिस्सा ऊन मिळते. ‘प्रज्ञान’चे पॅनेल म्हणूनच उभे होते. मात्र पॅनेल उभे केले की रोव्हर कोणत्या दिशेला तोंड करून थांबतो, यावर वीज ठरते, आणि मार्ग आखतानाच तो हिशेब करावा लागतो. रात्रीचा हिशेबही आधीच करावा. ती पृथ्वीवरच्या सुमारे 14 दिवसांची असते आणि किरणोत्सारी उष्णतास्रोत नसेल, तर बॅटरी तिच्यातून वाचेल असे धरून चालू नये.

प्रत्यक्ष चालवताना सर्वांत जास्त विचारली जाणारी अडचण म्हणजे चाके फिरतात, पण रोव्हर सरकत नाही. चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर मोजणारा प्रोग्राम अशा वेळी अंतर वाढत असल्याचेच सांगत राहतो. ‘लुनोखोद’ला यासाठी आठ चाकांखेरीज मोटर नसलेले एक नववे चाक होते, ते जमिनीवर टेकवले की खरे अंतर कळे. आज हेच काम कॅमेऱ्याने होते: मोटरचा करंट चढतो आहे आणि चित्रातला दगड जागचा हललेला नाही, असे दिसले की लगेच थांबावे. जोर वाढवला की चाक स्वतःचाच खड्डा खणते. संदेश जाऊन येण्यास सुमारे अडीच सेकंद लागतात, म्हणून ही मर्यादा रोव्हरच्याच प्रोग्राममध्ये घालावी, माणसाच्या हाती ठेवू नये. थांबल्यावर चाकांचे फोटो घ्यावेत आणि ज्या खुणांवरून आत आलो त्याच खुणांवरून उलटे बाहेर पडावे, कारण ती माती आधीच दाबली गेलेली असते. ‘प्रज्ञान’चा कॅमेरा साधारण पाच मीटरपर्यंतचाच नकाशा देऊ शके, म्हणून प्रत्येक आज्ञेत त्याहून पुढे जायचेच नाही असा दंडक होता. 27 ऑगस्टला चार मीटर व्यासाचे विवर तीन मीटरवर दिसले, तेव्हा त्याला मागे वळवून नव्या वाटेने पुढे नेण्यात आले.