केवड्याच्या पातीची चटई, सामोआच्या वळणाची

माझ्या माहेरी, मखमलाबादला, विहिरीपाशी केवड्याचं बेट आहे. कणीस गणपतीला जायचं, पानं बांधावर वाळत पडायची. प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवरच्या बायका याच कुळातल्या झाडांच्या पातीतून 'इए तोंगा' नावाची बारीक विणीची चटई विणतात हे कळल्यापासून मी ती फेकू देत नाही.

पान कोवळं नको, बुडाशी वाळलेलंही नको. मधल्या थरातलं घ्या. काट्यांच्या तीन रांगा असतात, दोन कडांना आणि एक मधल्या शिरेच्या पाठीवर. कडेचे काटे शेंड्याकडे वळलेले, म्हणून हात बुडाकडून शेंड्याकडेच फिरवा. उलटा फिरवलात की बोटं सोलवटलीच. कडा आणि शीर चाकूने काढून टाका, दोन लांब पट्ट्या उरतात. त्यांची वेटोळी करून उकळा. सामोआत नंतर पात समुद्राच्या पाण्यात भिजवतात आणि उन्हात पांढरी करतात. नाशिकला समुद्र कुठला! मी दोन दिवस बादलीत ठेवते, रोज पाणी बदलते, मग गच्चीवर वाळवते. श्रावणात हा उद्योग करू नका, बुरशी धरते.

वाळलेली पात सुरीच्या पाठीने घासून सपाट करा आणि सुईने सारख्या रुंदीच्या पट्ट्या फाडा. नवशिक्यांनी अर्धा इंच ठेवावा. तिकडच्या उंची चटईत पट्टी जेमतेम मिलिमीटरभर असते, म्हणून एकेक चटई महिनोन् महिने, कधी वर्षंही चालते.

विणायला कोपऱ्यातून सुरुवात करा. पट्ट्या तिरक्या धरायच्या, एकीवरून एक, एकीखालून एक. काठाला पोचलेली पट्टी दुमडून परत विणीत घ्यायची, वेगळी किनार लागत नाही. मी पहिल्यांदा एप्रिलच्या भर दुपारी बसले आणि पट्ट्या पापडासारख्या मोडल्या. आता सकाळी सातच्या आत बसते, मांडीवर ओलं फडकं ठेवते. पट्टी संपली तर नवी तिच्यावर तीन-चार घरं सरकवा, गाठ मारू नका.

इए तोंगा अंथरायची नसते. लग्नात, मयतीत, मताई म्हणजे कुळप्रमुखाचं पद देताना ती दिली-घेतली जाते. मोठा गुन्हा घडला तर गुन्हेगाराकडची माणसं ती डोक्यावरून पांघरून पीडितांच्या दारात बसतात. याला 'इफोंगा' म्हणतात. समोरच्यांनी चटई उचलली, की माफी मिळाली. युनेस्कोने 2019 मध्ये ही कला आपल्या वारशाच्या यादीत घेतली.

आपल्याकडे आहेराची साडी पुढे सरकवली आणि कळलं, तर वर्षभर बोलणी खावी लागतात. तिकडे चटई घराघरांतून जितकी फिरेल तितका तिचा मान. पहिली वेडीवाकडी चटई मी नणंदेला दिली. तिने तांबड्या लोकरीचे गोंडे लावले. सामोआतही काठाला लाल पिसं असतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. दिवाळीत ती चटई तिच्या विहिणीकडे गेली. चटई देताना घडी घालू नका, गुंडाळून द्या.