छताला ओल आली, तर खर्च कोणाचा?

वडोदऱ्यात रावपुरा किंवा दांडिया बाजाराच्या आसपास सोसायटीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना, छताला ओल आली की पुण्या-मुंबईचे नातेवाईक महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींचे (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांचे) उतारे तत्परतेने पाठवतात. परंतु येथे 1961 चा गुजरात सहकारी संस्था अधिनियम आणि आपल्या सोसायटीचे नोंदणीकृत उपविधी लागू होतात, म्हणून प्रथम सचिवांकडून त्या उपविधींची प्रत मागून घ्यावी.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाणी कोठून येते हे शोधणे. ओल केवळ पावसाळ्यात वाढत असेल, तर संशय गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर घ्यावा, आणि हे भाग सामाईक असल्याने त्यांची दुरुस्ती सामान्यतः सोसायटीकडे येते. ओल ऐन उन्हाळ्यातही टिकून असेल, तर वरच्या घरातील न्हाणीघर तपासावे: वरच्या काकूंना विश्वासात घेऊन नहाणी ट्रॅपचे (फरशीतून पाणी वाहून जाण्याच्या भोकाचे) तोंड कापडाने घट्ट बुजवावे, फरशीवर दोन बोटे पाणी साठवून त्यात खाण्याचा रंग कालवावा आणि दिवसभर आपल्या छताकडे लक्ष ठेवावे. रंग खाली उतरला, तर पाणी तेथूनच येते हे ठरते आणि वाद निम्मा मिटतो. (न उतरला, तरी भिंतीतील नळाच्या जोडाचा संशय उरतोच.)

फोटो तारखेसह जपावेत, तक्रार लेखीच द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. कारण समितीने दाद दिली नाही आणि प्रकरण अधिनियमाच्या कलम 96 (सोसायटीतील वादांविषयीचे कलम) खाली गेले, तर जिन्यातील तोंडी बोलणी तेथे सिद्ध करणे कठीण जाते.