जुन्या मित्रांसह पुण्यात दोन दिवस : स्वस्त मुक्काम ठरवताना

शाळा-कॉलेजातले मित्र बऱ्याच वर्षांनी पुण्यात भेटायचे ठरवतात, तेव्हा काय पाहायचे आणि कुठे खायचे यावर भरपूर चर्चा होते, आणि मुक्कामाचे मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून दिले जाते. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. शनिवारवाडा तासाभरात पाहून होतो. मित्र खऱ्या अर्थाने भेटतात ते रात्री जेवण झाल्यावर, गाद्यांवर पाय पसरून बसल्यावर. म्हणून आधी खोली ठरवावी आणि बाकीचा बेत तिच्याभोवती आखावा.

सुरुवात पैशांपासून करावी. सगळ्यांची परिस्थिती सारखी नसते, आणि भाड्याची मर्यादा ज्याचा हात सर्वांत आखडता आहे त्याला सहज पेलेल एवढीच ठेवावी. ही विचारणा चारचौघांत करू नये. त्याच्या जवळच्या एकाने वेगळा फोन करून अंदाज घ्यावा. ‘वरचे पैसे मी भरतो’ असे कोणी मनापासून म्हटले, तरी ते टाळलेले बरे, कारण त्या ओझ्याखाली मित्र पुढच्या वेळी काहीतरी कारण सांगून येतच नाही. दोन दिवसांचा खर्च एकानेच करावा, रोज रात्री हिशेब सांगावा आणि निघण्यापूर्वी तो मिटवून टाकावा.

जागा निवडताना नकाशा उघडून बसावे. ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ असे लिहिलेले असते, पण पुणे स्टेशन की शिवाजीनगर, चालत की रिक्षाने, हे लिहिलेले नसते. शिवाजीनगरचे एसटी स्थानक मेट्रोच्या कामामुळे वाकडेवाडीला हलवले गेले, हे ज्याला ठाऊक नाही तो बॅगा घेऊन भलत्याच ठिकाणी उतरतो. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून मंडई आणि कसबा पेठेचा परिसर मुक्कामाला विशेष सोयीचा झाला आहे. पुणे स्टेशनहून वनाझच्या दिशेने निघून सिव्हिल कोर्टला गाडी बदलली की मंडई येते, आणि तिथून तुळशीबाग, विश्रामबागवाडा, लाल महाल, कसबा गणपती सगळे पायी करता येते. पेठांतले लॉज जुने आणि आवाजाचे असतात हे खरे, पण लांबच्या स्वस्त खोलीवर वाचवलेले पैसे रिक्षात जातात.

तारखाही पाहून घ्याव्यात. गणेशोत्सवात, आषाढीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असताना आणि डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या दिवसांत खोल्या मिळणे अवघड जाते आणि भाडेही चढते.

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे लॉजला करायचा फोन. ॲपवरचे फोटो पाहून पैसे भरण्याआधी थेट काउंटरवर बोलावे आणि न संकोचता विचारावे. चेक-आउट दुपारी १२ वाजता आहे की आल्यापासून २४ तासांनी? गरम पाणी दिवसभर मिळते की सकाळी ठरावीक वेळेतच? पाच जणांना तीन बेडची खोली दिली, तर जादा गादीचे वेगळे पैसे किती? लिफ्ट आहे का, आणि नसेल तर खोली कितव्या मजल्यावर आहे? संडास कमोडचा आहे की भारतीय? गुडघे दुखणाऱ्या मित्राला या एका उत्तरावर दोन दिवस सुखाचे किंवा हालाचे जातात. रात्री शटर किती वाजता ओढतात, हेही विचारावे, कारण गप्पांत रमून साडेबाराला परतलेल्या मंडळींना बंद शटर वाजवत उभे राहावे लागते. सांगितलेल्या भाड्यात जीएसटी धरला आहे का, याची खात्री करावी. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के आहे. हे सगळे ठरले की तारीख, माणसे आणि भाडे लिहून व्हॉट्सॲपवर पाठवावे आणि त्यावर होकार मागून घ्यावा.

हा होकार किती कामाचा असतो, ते आमच्या गटाला एका रात्री कळले. पैसे भरलेले असूनही ‘तुमचे बुकिंग आमच्याकडे आलेच नाही’ असे काउंटरवरून सांगण्यात आले, आणि आदल्या दिवशीचा मेसेज दाखवल्यावरच रजिस्टर पुन्हा उघडले गेले. असे झाल्यास आवाज चढवू नये. दोघांनी काउंटरवर थांबून बोलावे, एकाने जवळच्या दुसऱ्या लॉजला फोन लावावा आणि बाकीच्यांनी सामानापाशी बसावे. खोली मिळाली नाही, तर नकार लेखी घ्यावा किंवा निदान मेसेजवर मागावा. परतावा अडला, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना तोच पुरावा उपयोगी पडतो.

खोलीची किल्ली हातात आली, तरी बाकीचे पैसे लगेच देऊ नयेत. आधी चादर उचलून गादीचे कोपरे पाहावेत. शिवणीत काळे ठिपके दिसले, तर ढेकूण आहेत असे समजून खोली बदलून मागावी. नळ सोडावा, गीझर लावून पाहावा, फ्लश ओढावा आणि दाराची आतली कडी नीट बसते का ते तपासावे. ओळखपत्र प्रत्येकाचे लागते. आधारची प्रत द्यायची असल्यास शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार आधीच डाउनलोड करून ठेवावे. घोरणाऱ्यांची सोय शक्यतो वेगळ्या खोलीत करावी, आणि सगळे एकत्र बसतील अशी मोठी खोली जागणाऱ्यांकडे ठेवावी.

परतीची गाडी संध्याकाळची असेल, तर चेक-आउटनंतर सामान काउंटरमागे ठेवू देतील का, हे आदल्या रात्रीच विचारून घ्यावे. ते हो म्हणाले, तर शेवटची दुपार केळकर संग्रहालयासाठी मोकळी मिळते. नाही म्हणाले, तर पुणे स्टेशनच्या क्लोकरूमचा विचार करावा आणि तिथे ठेवायच्या बॅगांना कुलपे लावावीत.