एल सेंट्रोला ब्लू एंजल्सचा सराव कसा बघावा

सॅन डिएगो किंवा लॉस एंजेलिसच्या आसपास राहत असाल आणि हिवाळ्यात दोन दिवस कुठे जायचं हे ठरत नसेल, तर यंदा बर्फ राहू द्या, वाळवंटात एल सेंट्रोला जा. अमेरिकी नौदलाचं ब्लू एंजल्स हे हवाई कसरतींचं पथक १९६७ पासून हिवाळी सरावासाठी तिथल्या नौदलाच्या तळावर मुक्कामाला येतं. जानेवारीपासून मार्चपर्यंत आठवड्याचे सहा दिवस, बहुतेकदा दिवसातून दोनदा उडतात. तिकीट नाही, रांग नाही, कर्णे नाहीत.

मोठा एअर शो बघितलेले मित्र विचारतात, सराव काय बघायचा? मी म्हणते, सरावच बघा. या पथकात वैमानिक साधारण दोन-तीन वर्षंच राहतात, त्यामुळे दर जानेवारीत त्यात नवी माणसं असतात. सुरुवातीला विमानं उंचावरून आणि एकमेकांना चांगली जागा देऊन उडतात. दिवस जातात तशी उंची उतरत जाते, अंतर आवळत जातं. एअर शोचा हंगाम सुरू होईपर्यंत चार विमानांच्या डायमंडमध्ये, म्हणजे हिऱ्याच्या आकाराच्या रचनेत, एकाच्या पंखाचं टोक आणि शेजारच्याचं कॉकपिट यांत कमीत कमी १८ इंच, म्हणजे हातभर अंतर उरतं. हे शिकणं घडताना बघायचं असेल तर जमल्यास दोनदा जा, एकदा जानेवारीच्या मध्याला आणि एकदा मार्च लागल्यावर.

माझे बाबा एस. टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. थंडीत ते आणि आई सांगलीहून आमच्याकडे येतात. जानेवारीत त्यांनी मला एकच गोष्ट दाखवली: वळण घेताना सगळ्यात मागचं चार नंबरचं विमान थोडं खाली जायचं, परत वर यायचं, परत खाली. ‘अजून बसलं नाही,’ एवढंच म्हणाले. मार्चमध्ये तेच वळण, तोच चार नंबर, आणि विमान जागचं हललं नाही. बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. तुम्हीही पहिल्यांदा जाल तेव्हा सहाही विमानांच्या मागे धावू नका. एक निवडा आणि पूर्ण उड्डाणभर त्याच्यावरच नजर ठेवा.

सॅन डिएगोहून आंतरराज्य महामार्ग ८ ने पूर्वेला निघा, दोन तास धरून चला. वाटेत रस्ता चार हजार फुटांवर चढतो आणि मग इन-को-पा घाटातून सरळ वाळवंटात उतरतो. घाटात वारा जोराचा असतो, टपावर सामान बांधलं असेल तर एकदा थांबून बघा. खाली उतरलात की तुम्ही समुद्रसपाटीच्याही खाली असता. विमानतळच सुमारे १३ मीटर खाली आहे.

तळाच्या आत जाता येत नाही, आणि जायची गरजही नाही. तळाच्या दक्षिणेला सीली नावाचं छोटं गाव आणि इव्हन ह्यूज हायवे आहे. धावपट्टी पूर्व-पश्चिम. त्यामुळे दक्षिणेकडून उत्तरेला तोंड करून बसलात की हिवाळ्यातलं ऊन पाठीवर येतं आणि निळ्या-पिवळ्या विमानांवर उजेड नीट पडतो. उलट्या बाजूला गेलात तर दिवसभर काळ्या सावल्या बघाल. सकाळी लवकर पोचा. वेळा बदलतात आणि काही उड्डाणं दूर वाळवंटातल्या सरावक्षेत्रावर होतात, म्हणून हाताशी पूर्ण दिवस ठेवा. रविवार टाळा.

गाडी लावताना भान ठेवा. चहूकडे लेट्यूस, गाजर आणि अल्फाल्फाची शेतं आहेत, सगळी कोलोरॅडो नदीच्या कालव्याच्या पाण्यावर. शेताच्या तोंडाशी गाडी लावू नका, ट्रॅक्टर अडतात. पिकात पाय घालू नका. आणि मुलांना कालव्याच्या काठाजवळ अजिबात सोडू नका. काठ उतरते असतात, आत पडलेल्याला वर चढता येत नाही. ड्रोन घरीच ठेवा. तळाच्या फाटकाचे आणि पहारेकऱ्यांचे फोटो काढू नका.

आता बघायचं कसं. एक ते चार नंबर डायमंडमध्ये असतात, पाच आणि सहा एकेकटे उडतात. डायमंड वळून लांब गेला की सगळे मान वळवून त्याच्याकडेच बघत राहतात, आणि नेमके तेव्हाच पाच-सहा येतात. तेव्हा डायमंड गेला की लगेच धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडे नजर टाका. एकटं विमान ताशी ११०० किलोमीटरपर्यंत वेगाने येतं, त्याचा आवाज मागे राहतो. आवाज आला तिकडे बघाल तर तिथे काहीच नसेल. विमान कितीतरी पुढे गेलेलं असतं. कान सोडा, डोळ्यांवर भरवसा ठेवा. लहान मुलांना मात्र कानांवर इअरमफ लावाच. आठपट दुर्बीण पुरते, त्याहून मोठी हातात थरथरते. कॅमेऱ्याचा शटर सेकंदाच्या एक हजारांशाहून जलद ठेवा.

मला सगळ्यात जास्त ओढ लावते ती आत बसलेल्याच्या कष्टांची गोष्ट. हे वैमानिक जी-सूट, म्हणजे जोराच्या वळणात फुगून पाय-पोट आवळणारा पोशाख, घालत नाहीत. तो सूट फुगला की मांडीवर टेकलेल्या हाताला धक्का बसेल, आणि एवढ्या जवळून उडताना तो धक्का परवडत नाही. त्यामुळे वळणात रक्त खाली उतरू नये म्हणून पाय-पोटाचे स्नायू आवळून धरायचे. त्यातच विमान वळवायच्या दांड्याला मुद्दाम स्प्रिंग लावलेली, तिचा ताण सुमारे १८ किलोंचा, तो सारा वेळ एका हाताने पेलायचा. दिवसातून दोनदा. माझ्या लेकीला हे सांगितलं आणि २०२३ च्या हंगामात तीन नंबरवर उडालेल्या अमांडा ली यांचं नाव सांगितलं, पथकातल्या पहिल्या महिला जेट वैमानिक. तेव्हापासून ती तीन नंबरच बघते.

दोन उड्डाणांच्या मध्ये बराच वेळ रिकामा जातो. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमध्ये चहा नेतो. टोपी, पाणी, घडीच्या खुर्च्या हव्यातच. सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी तो काढावा लागतो. वेळ जास्तच असेल तर उत्तरेला वेस्टमोरलँडला जाऊन खजुराचा शेक प्या. दलीप सिंग सौंद या भागातच शेती करत होते. १९५६ साली इथूनच ते अमेरिकी संसदेवर निवडून गेले, भारतीय वंशाचे पहिले खासदार. आईला विमानांपेक्षा ही हकिगत जास्त आवडली.

परतीचं शेवटचं पण महत्त्वाचं: सॅन डिएगोकडे येताना पाइन व्हॅलीच्या अलीकडे बॉर्डर पॅट्रोलची, म्हणजे सीमा पोलिसांची, तपासणी चौकी लागते. व्हिसावर आलेल्या आई-वडिलांचे मूळ पासपोर्ट आणि आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या सरकारी नोंदीची, छापील प्रत त्यांच्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको. अधिकारी विचारतील तेव्हा उत्तर त्यांनाच देऊ द्या, आणि कुठून येताय म्हणून विचारलं तर सरळ सांगा, विमानं बघायला गेलो होतो.