बायकांसाठीची आर्ट प्राइझ, रेसिडेन्सी: फॉर्म भरायच्या आधी हे बघा

रेसिडेन्सी म्हणजे ठरावीक काळ एखाद्या ठिकाणी राहून आपलं काम करायचं. तर पहिलं म्हणजे तिथे आपल्याला अर्ज करता येतो का ते बघायचं. हसू नका, बऱ्याच जणी इथेच अडकतात. मॅक्स मारा आर्ट प्राइझ फॉर विमेन घ्या, २००५ ला सुरू झालं, जिंकली तर सहा महिने इटलीत राहून काम करायचं, वाचूनच तोंडाला पाणी सुटतं, पण तिथे फॉर्मच नाही, नावं ज्युरीच काढते. काही ग्रँट तर चाळिशीच्या पुढच्यांनाच असतात, अमेरिकेतली अनॉनिमस वॉज अ वुमन त्यातली. अशांच्या मागे लागू नका, शो करत राहा, क्युरेटर लोकांना, म्हणजे प्रदर्शनासाठी काम निवडणाऱ्यांना, स्टुडिओत बोलवा, बास.

ओपन कॉलवाल्या, म्हणजे कुणालाही अर्ज करता येतो अशा, जागा वेगळ्या. न्यूयॉर्कची ए.आय.आर. गॅलरी १९७२ पासून बायकाच चालवतात, नवीन मुलींसाठी त्यांची फेलोशिप असते. प्रिंटमेकिंग, हातकागद, आर्टिस्ट बुक (पुस्तक हीच कलाकृती) असलं काही करत असाल तर अमेरिकेतलं विमेन्स स्टुडिओ वर्कशॉप बघाच, चौघींनी मिळून १९७४ ला काढलेलं.

मग खर्च. स्टायपेंड, म्हणजे खर्चाला पैसे, आहे का, प्रवास कोण देणार, मटेरियलचं काय, अर्जाची फी किती, हे सगळं आधी कागदावर मांडा. फी पण आपली, राहण्याचे पैसे पण आपलेच, अशी रेसिडेन्सी म्हणजे माझ्या मते सरळ भाड्याची खोली. आणि मूल लहान असेल तर ते बरोबर चालेल का हे मेल करून विचारा, लाजायचं काय त्यात, लेंका क्लेटन या कलाकार बाईने तर २०१२ मध्ये आईपणालाच रेसिडेन्सी म्हणून जाहीर केलं आणि घरीच काम केलं, आता तिचं ते मॉडेल कुणीही वापरू शकतं.

पोर्टफोलिओत दहा फोटो मागितले तर दहाच्या दहा भरायलाच हवेत असं नाही, सात चांगले असतील तर सातच द्या, कारण ज्युरीला भरताड लगेच कळते. सगळं एकाच कामाच्या धाग्यातलं ठेवा, कॉलेजची जुनी पेंटिंग काढून टाका, प्रत्येकाखाली वर्ष, साइज, माध्यम लिहा. स्टेटमेंटमध्ये, म्हणजे आपल्या कामाबद्दल लिहायचं त्यात, 'मला लहानपणापासून चित्रांची आवड' नको प्लीज. तिथे जाऊन काय करणार, त्यांचा छपाईचा प्रेस किंवा भट्टी कशाला लागणार, ते लिहा.

शिफारसपत्र महिनाभर आधी मागा. नकार आला तर पुढच्या वर्षी नवीन काम घालून परत भरा, ज्युरी बऱ्याच ठिकाणी दरवेळी बदलते.